म्हातारी विकणे आहे

पिंपळदरे, ४ ऑक्टोबर

चि. रणजीत,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. हे पत्र बंदुकीच्या गोधडीत खुपसतोय. सीवूड्सला पोचलास की आधी वाच, मग फाड, मग तुकडे संडासात टाकून दोनदा पाणी सोड. तुमच्याकडे पाणी चोवीस तास असतं, असं तू गावात प्रत्येकाला सांगून गेलायस.

खंडेनवमीला तिची शेवटची पूजा झाली. जीव थोडा खालवर झाला, खोटं कशाला बोलू? पणजोबांची ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं, घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन दाबायचं. घोड्याशेजारच्या पत्र्यावर मुकुट आहे आणि १८६१ साल आहे. पणजोबांनी वाघ मारला म्हणून गोऱ्या साहेबाने बक्षीस दिली, असं आपण सांगतो. तूही तसंच सांग, फाटे फोडू नको.

विकायची का, ते तुला ठाऊक आहे. मान्यांनी गावाच्या तोंडाशी आजोबाच्या नावाची सिमेंटची कमान ठोकली. दोन वर्षं झाली, मी एसटीतून उतरलो की मान्यांच्या आजोबाखालून मान खाली घालून घरी येतो. पलीकडच्या रस्त्याला आपल्या पणजोबांची कमान झाली पाहिजे, आणि ती मान्यांपेक्षा दोन हात उंच झाली पाहिजे. उरेल त्यात तू तुझा किचनचा ओटा कर.

आता नीट ऐक. परवाना माझ्या नावावर आणि बंदूक तुझ्या डिकीत, हे कायद्यात बसत नाही. तालुक्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केली म्हणून सांगतो. तेव्हा फोनवर हा विषय बंद. फोनवर 'बंदूक' म्हटलं की दिल्लीत दिवा लागतो. जे काय ते पत्राने. कागद फाडला की प्रकरण संपतं, हा माझा अनुभव आहे. आणि पत्रातही यापुढे तिला 'म्हातारी' म्हणायचं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की मला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागेल. त्याच्या आत गिऱ्हाईक बघ.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नको. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझा चुलता,
हौसेराव


सीवूड्स, १२ ऑक्टोबर

तात्या,

नमस्कार. मी शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, तेसुद्धा 'मामास सहलीचे वर्णन करा.' ऐरोलीला ऑफिसखाली पोस्टाचं तिकीट कुठे मिळतं विचारलं, तर वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पण तुमचा हुकूम.

कागद फाडला. पाणी तीनदा सोडलं. म्हातारी माळ्यावर आहे, जुन्या टीव्हीच्या खोक्यामागे. तुमची सून मोनाली म्हणते तिचा वास येतो. मी म्हटलं, दीडशे वर्षांच्या बाईचा वास येणारच, ॲडजस्ट कर.

पार्टी मिळाली. क्षिप्रा मॅडम म्हणून आहेत, हॉटेलांचं इंटिरियर करतात. ऐरोलीत एक 'गावरान' हॉटेल उघडतंय, तिथे भिंतीवर लावायला त्यांना सेम असंच पाहिजे. त्यांनी एकच विचारलं, चालू आहे की बंद? बंद असेल तर बरं, म्हणाल्या, कागदपत्रांची झंझट नाही. मी म्हटलं, एकदम बंद. टेन्शन नको.

आईला काही माहीत नाही. ती दिवसभर देव, टीव्ही आणि खालच्या गार्डनमधल्या सुमित्राबाई. तुम्ही पत्र घरीच पाठवा, ऑफिसात खासगी टपाल घेत नाहीत.

रणजीत


पिंपळदरे, १८ ऑक्टोबर

चि. रणजीत,

म्हातारी बंद आहे म्हणून सांगितलंस? तुझ्या जिभेला काही हाड? अरे, गेल्या शिमग्याला अशी वाजली की मान्यांचं म्हैसरू दावं तोडून पळालं. बंद म्हणे! पण विकायला सोपं जात असेल तर म्हण बापडा. गरज सरेपर्यंत अपमान गिळायचा, हे मी साहेबांच्या हाताखाली शिकलो.

आता तिच्या व्यवस्थेचं. महिन्यातून एकदा अंगाला खोबरेल चोळ. उन्हात फार ठेवू नको. गोणपाटात गुंडाळून ठेवलीस तरी चालेल, पण तोंड भिंतीकडे करून ठेव आणि तोंडात फडक्याचा बोळा घालत जा. बाहेरच्या माणसासमोर काढू नको. कुणी विचारलं तर म्हणावं, आमच्याकडे म्हातारी नाहीच.

तुझ्या बापाला तिचं लई कौतुक होतं. तो गेल्यावर तिला विचारतो कोण? माझ्याच्याने आता होत नाही, तुझ्याकडे जागा अडवते. निवडणुकीच्या आधी गेली नाही तर सरकारात जमा करावी लागेल, आणि तिथे एकदा टाकली की कोपऱ्यात पडून राहते, कुणी ढुंकून बघत नाही. त्यापेक्षा चांगलं घर बघून देऊन टाक. दोन लाखांच्या खाली येऊ नको.

हौसेराव


सीवूड्स, २९ ऑक्टोबर

तात्या,

एक सांगा, तुम्ही पाकीट भाताने चिकटवता का? मागचं पत्र उघडंच आलं. जरा चांगला डिंक घ्या.

क्षिप्रा मॅडम येऊन बघून गेल्या. आईला देवळात पाठवलं होतं. म्हातारीवर त्या जाम खूश. फक्त म्हणतात दोन लाख जास्त होतात, अशा जुन्या म्हाताऱ्या राजस्थानातून पोत्याने येतात. मी म्हटलं, आमचीने वाघ मारलाय. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्याच मारतात.

दुसरं म्हणजे आईचं काहीतरी बिनसलंय. आधी दिवसभर बडबड करायची, आता तोंड उघडत नाही. पहाटे पाचला उठून सगळ्या घराची फरशी पुसते. कामवालीला तिनेच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. जेवायला बसली की अर्धी भाकरी खाते आणि म्हणते, मला कितीसं लागतं? परवा मोनाली तिच्या डोक्याला तेल लावायला गेली, तर ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आणि काल जेवताना अचानक विचारलं, "चांगलं घर बघितलंस का रे?" मी म्हटलं, आपलं हेच चांगलं आहे की. तर डोळ्याला पदर लावला.

वय झालं, दुसरं काय. विसरायचा आजार असाच सुरू होतो म्हणे. बघू, डॉक्टरला दाखवतो, आधी हे डील होऊ दे.

रणजीत


सीवूड्स, ३० ऑक्टोबर

हौसेराव भावजींना वेणूबाईचा नमस्कार.

मी कवा तुम्हाला पत्र लिहिलं न्हाई. शाळा चौथीपातूर, अक्षर गोड मानून घ्या.

तुम्ही आन् रणजीत म्हातारीचं काय ठरवताय, ते मला समदं कळलंय. कसं कळलं ते इचारू नका. माझं एवढंच म्हननं हाय, की ती कुनाच्या अंगावर पडली न्हाई. एका कोपऱ्यात राहील. तिनं तुमच्या घरासाठी कमी केलं न्हाई. ह्यांच्या माघारी तिला विकून तुम्हाला काय सोनं मिळनार हाय? जनाची न्हाई तर मनाची धरा. तिच्याबद्दल बोलायचा माझा बी काय हक्क हाय का न्हाई?

पोराला काय बोलू नका. त्याच्यावर माझा राग न्हाई.

वेणूबाई


पिंपळदरे, ५ नोव्हेंबर

चि. रणजीत,

तुझ्या मातोश्रींचं पत्र आलं. घे! सगळं कळलंय म्हणतात. तू माळ्यावर ठेवतोस की गच्चीवर वाळत घालतोस?

आणि सूर काय लागलाय! म्हातारीने घरासाठी कमी केलं नाही म्हणे. हक्क सांगतात! सात पिढ्यांत आमच्या घरात बाईमाणसाने म्हातारीवर हक्क सांगितला नव्हता. यांना नवरात्रात हळदकुंकू वाहायला दिलं, तेवढ्यावर हिस्सा मागतात. तुला विसरायचा आजार वाटतो, मला तर आठवायचा आजार दिसतो. बायकांना हिस्सा तेवढा बरोबर आठवतो. मी उत्तर धाडलेलं नाही. तूही ताकास तूर लागू देऊ नको.

निवडणूक डोक्यावर आली आहे. ठाण्यातून माणूस येऊन विचारून गेला, म्हातारी कुठे? म्हटलं, पाहुण्यांकडे गेली आहे. तो हसला, मी हसलो, पण दुसऱ्यांदा तो हसणार नाही. तेव्हा आता ताणू नको. दीड म्हणाले तर दीडला दे, एक म्हणाले तर एकला दे. कमान मान्यांएवढीच होईल, नशीब माझं. आणि अगदीच कुणी घेत नसेल तर रात्रीची वेळ बघून खाडीत सोड आणि मोकळा हो. माझ्या मानेवरचं भूत एकदाचं उतरू दे.

हौसेराव


सीवूड्स, १५ नोव्हेंबर

तात्या,

बसून वाचा. पण टेन्शन घेऊ नका, शेवट गोड आहे.

गेल्या मंगळवारी मी लवकर घरी आलो, तर हॉलमध्ये इथल्या ठाण्याचा मानसिंग हवालदार, एक लेडी कॉन्स्टेबल, सुमित्राबाई आणि त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या चार बायका. सगळ्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मीच वाघ. मध्ये आई, पिशवी भरून मांडीवर घेतलेली.

तुमची पत्रं आईने फोडून वाचली होती, तात्या. पुन्हा चिकटवून ठेवायची. फाडायच्या आधी मोबाईलवर फोटोही काढलेले. तिला फोटो काढता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि 'म्हातारी' म्हणजे कोण समजली ती? स्वतः! आपण तिलाच विकायला काढलंय असं वाटलं तिला. तिने तुम्हाला लिहिलेल्या पत्रातला हक्कही तोच. तुमचं खाडीचं वाक्य वाचलं आणि ती थेट सुमित्राबाईंकडे गेली.

मानसिंग हवालदार तुमचं पत्र मोठ्याने वाचायला लागला. "तोंडात बोळा घालत जा. गोणपाटात गुंडाळ. दोन लाखांच्या खाली येऊ नको." बायका च्च च्च करतायत. मग मला म्हणतो, "बोला साहेब, ही म्हातारी म्हणजे कोण? आईच ना?"

आता विचार करा. म्हातारी बरोब्बर त्याच्या टोपीच्या वर, माळ्यावर. खरं सांगितलं तर बिनपरवान्याचं हत्यार, डायरेक्ट आत, नोकरी गेली, तुम्हीही आत. मी दोन सेकंद घेतले. मग खाली मान घालून म्हटलं, "हो साहेब. आईबद्दलच होतं. चूक झाली."

विषय कट! लेडी कॉन्स्टेबलने झाडझाड झाडलं. सुमित्राबाई म्हणाल्या, असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा. मग लिहून घेतलं, 'मी माझ्या आईस विकण्याचा अगर खाडीत सोडण्याचा विचार केला होता, यापुढे मनात आणणार नाही,' आणि मी सही ठोकली. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मला शिव्या घालतायत, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. चार दिवस घालतील, विसरतील. पण म्हातारी सेफ! क्षिप्रा मॅडम पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतायत, सव्वाला फायनल.

ते गेल्यावर मी बंदूक खाली काढून आईला दाखवली. म्हटलं, ही बघ तुझी सवत. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकदम नॉर्मल आहे.

रणजीत


पिंपळदरे, २० नोव्हेंबर

चि. रणजीत,

शाब्बास रे पठ्ठ्या! कचेरीत पंचवीस वर्षं मी असे हजार जबाब बघितले, पण इतका चपखल एकही नाही. ऐनवेळी डोकं चालवलंस, घराणं वाचवलंस. वहिनी रुसल्या असतील तर एक साडी घे. आई ती आई, ती कुठे जाते? वस्तू मात्र एकदा गेली की गेली.

रविवारी पैसे मिळाले की निरोप दे. गवंड्याला बोलावून ठेवलं आहे.

हौसेराव


सीवूड्स, २६ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं शाब्बासकीचं पत्र मीच फोडलं. सवय लागली. आता रणजीतला पत्र धाडायचं असंल तर त्याच्या वकिलाच्या पत्त्यावर धाडा.

घाबरू नका, सांगते सरळ. तीन आठवडे मी ह्या घरात जीव मुठीत धरून काढले. तुम्ही लिवलं, जागा अडवते. म्हनून मी बाल्कनीत जाऊन बसायची. लिवलं, शिमग्याला वाजली, ते मला माझ्या तोंडाळपनाला वाटलं. लिवलं, तोंडात बोळा. म्हनून मी तोंड मिटलं. काम करून दाखवलं, की बघ बाबा, अजून कामाची हाय. मोनाली तेल घिऊन आली तवा वाटलं, झालं, गिऱ्हाईक यायचं असंल. हसा, हसा. मी बी हसले. रणजीतनं ती बंदूक दाखवली, तवा वाटलं, देवा, लोखंड निघालं रे, लोखंड! त्या रातीला तीन आठवड्यांनी डोळ्याला डोळा लागला.

सकाळी जाग आली आन् चुलीम्होरं... इथं चूल कुठली, गॅसम्होरं उभी ऱ्हायले, आन् आदल्या दिवसाचं समदं डोळ्यांम्होरनं गेलं. हवालदारानं इचारलं, म्हातारी म्हंजी कोन? रणजीतनं वर माळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आन् मला दिलं.

दोन सेकंद लागले त्याला, तुम्हाला धाडायच्या आधी त्याचं पत्र बी मी वाचलं. मला ते दोन सेकंद लई मोठे वाटले, भावजी. मी मांडीवर पिशवी घिऊन बसले व्हते. मनात म्हनत व्हते, 'न्हाई' म्हन रं राजा. खोटं म्हन, पर न्हाई म्हन.

बायका मला म्हनाल्या, सुटलीस. मी बी चार दिवस गप ऱ्हायले. पर खाली गार्डनात गेलं की कानावर येतं, ही बघा, हिचा ल्योक हिला इकत व्हता. माझी नात शाळेतनं रडत आली. आन् त्यो कागद ठान्यात पडलाय, त्याच्या सहीचा. उद्या मी मेल्यावर बी त्यो ऱ्हानार. माझ्या पोराच्या नावावर जन्माचं, की ह्यानं आई इकायला काढली. न्हाई सोसलं मला. कशी बी झाली तरी आई हाय मी त्याची.

म्हनून शनिवारी मानसिंगाला फोन केला. म्हटलं, भाऊ, जबाबात चूक झाली हाय, दुरुस्त करायची. पोरगं माझं तसं न्हाई. त्यानं आई इकायला काढली नव्हती, बंदूक काढली व्हती. मानसिंग आधी हसला. मग इचारलं, कुठली बंदूक, मावशी? मी म्हटलं, तुम्ही बसला व्हता तिथं डोईवरच व्हती की.

मग आले चार जन. पंचनामा झाला. सुमित्राबाई पंच. नळीत काडी घालून बघितली, घोडा वढून बघितला, तुम्ही कौतुक केलंत तशी खनखनीत चालू निघाली. रविवारी क्षिप्राबाई टेम्पो घिऊन आल्या त्या दारातनंच फिरल्या. रणजीतला दोन रोज ठान्यात बशिवलं, काल जामीन झाला. तुम्हाला बी बोलावनं येनार हाय, परवान्याचा कागद घिऊन या, इसरू नका.

घरी आल्यावर म्हनाला, "आई, तू मला अडकवलंस." मी म्हटलं, "न्हाई बाळा, सोडवलं. बंदूक इकली म्हनून कुनी थुंकत न्हाई, वकील मिळतो. त्या दुसऱ्याला वकील न्हाई मिळत." जुना कागद मी मानसिंगाकडनं रद्द करून घेतला. लिफ्टमधी आता बोलतात त्याच्याशी. उलट जरा अदबीनंच बोलतात.

एक गोष्ट मातर मी कुठल्याच जबाबात लिवली न्हाई, ती तुम्हाला लिवते. म्हातारीला इकून टाक, खाडीत सोड, असं तुमचं वाचलं तवा मी भ्याले. रडले बी. पर मला नवल न्हाई वाटलं. पोटचं पोर आपल्याला इकतंय म्हनून एकदा बी मनात आलं न्हाई, की हे खोटं असंल, दुसरं कायतरी असंल. लगीच खरं वाटलं. ह्याचा गुन्हा कुनावर लिवायचा, ते मानसिंगाला इचारायचं तोंड झालं न्हाई मला.

वेणूबाई